पाणी मारलेले मैदान

नवखार शहरातील सर्वांत हिरव्या बागेत भर दुपारी अनवाणी पाऊल ठेववत नसे. आणि ज्या मैदानाला सर्वांत कमी गुण मिळाले, तेथे मुली अनवाणी खो-खो खेळत. असे का व्हावे? वाचणाऱ्यांनी घाईने उत्तर देऊ नये, आधी विचार करावा.

दहा वर्षांची ऋजुता ठोसर हाच प्रश्न घेऊन घरी आली. सुट्टीत ती नगरपालिकेच्या ‘पर्ण’ नावाच्या यंत्रमानवाबरोबर शहरातल्या बागा पाहत हिंडत असे. पर्ण प्रत्येक जागेचे छायाचित्र काढी आणि हिरव्या रंगावरून गुण देई. तलावाकाठच्या उद्यानात सिमेंटवर प्लास्टिकचे गवत होते; त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ऋजुताच्या संघाच्या मातीच्या मैदानाला मिळाले शून्य.

“उद्या तिथेही तेच गवत अंथरणार आहेत,” तिने आत्याआजींना सांगितले. आत्याआजी म्हणजे डॉ. वत्सला ठोसर, उष्णतेच्या अभ्यासात त्यांचा जन्म गेला होता.

“मग तू काय केलेस?”

“रडले.”

“ते झाले. आता त्या पर्णला मैदानावर बोलाव.”

उन्हे अजून कडक होती. मुलींनी नेहमीप्रमाणे खेळापूर्वी मैदानावर पाणी मारायला घेतले होते.

“येथे काहीही उगवत नाही, तरी रोज पाणी मारले जाते,” पर्ण म्हणाला. “म्हणून ‘पाण्याची नासाडी’ असा शेरा दिला आहे.”

“शेरा देण्यापूर्वी जमिनीला हात लावलास?” ऋजुताबरोबर आलेल्या आत्याआजींनी विचारले.

“माझा तापमापक डोक्यातल्या पांढऱ्या पेटीत आहे. हवेचे तापमान सावलीतच मोजायचे, असा नियम आहे.”

“म्हणजे तुझे डोके थंड आहे. पण मुली डोक्यावर धावत नाहीत.”

मुली हसल्या. पर्णने त्याची नोंद घेतली असावी.

कुंपणापाशी प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या. आत्याआजींनी नमुन्याचा एक तुकडा सिमेंटच्या पायरीवर अंथरायला लावला. एक बादली पाणी त्यावर ओतले, एक मातीवर. पर्णच्या तळव्यातही तापमापक होता, झाडांची पाने तपासण्यासाठी. त्याने दोन्हीकडे हात ठेवला. दोन्ही जागा थंड.

“आता थांबायचे,” आत्याआजी म्हणाल्या.

मुलींचा एक डाव झाला. पर्णने पुन्हा हात टेकवला आणि प्लास्टिकवरून झटकन उचलला. माती मात्र अजून गार होती.

“ऋजुता, आंघोळ करून ओल्या अंगाने पंख्याखाली उभी राहतेस तेव्हा काय होते?”

“हुडहुडी भरते.”

“का?”

ऋजुता विचार करत म्हणाली, “अंगावरचे पाणी सुकते... आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जाते?”

“बरोबर. हे बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन ते हवेत मिसळणे). वाफ व्हायला पाण्याला उष्णता लागते, ती ते जवळच्या वस्तूतून घेते. प्लास्टिकमध्ये पाणी मुरत नाही. बरेचसे वाहून गेले, उरलेले लगेच सुकले. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या मात्र पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. कुंपणाबाहेरची ती झाडे मुळांनी खोलवरचे पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात. त्याला म्हणतात बाष्पोत्सर्जन (पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडणे).”

“म्हणजे झाडही दिवसभर पाणी मारत असते,” ऋजुता म्हणाली.

पर्ण म्हणाला, “माझे गुण चुकले. हिरवेपणा मोजला, गारवा मोजलाच नाही. शेराही मागे घेतो. पण उद्याचे काम थांबवणे माझ्या हाती नाही. नियमाप्रमाणे मैदान रिकामे असल्याशिवाय ते सुरू होत नाही, इतकेच.”

“मग ते रिकामे ठेवायचे नाही,” ऋजुता म्हणाली. आत्याआजींनी तिच्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

सकाळी कामगार आले तेव्हा सात मुली खो-खोच्या चौकोनांत बसल्या होत्या. आठवी मुलगी गावाला गेली होती. तिच्या चौकोनात पर्ण बसला होता, नियमाप्रमाणे शेजारणीच्या उलट दिशेला तोंड करून.

“उठा बाळांनो,” मुकादम म्हणाले.

“खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, काका,” ऋजुता म्हणाली.

“मग द्या कोणीतरी.”

“खो मी देणार आहे,” खांबाजवळ खुर्ची टाकून बसलेल्या आत्याआजी म्हणाल्या, “आणि अजून माझा विचार झालेला नाही. तुमच्या साहेबांना बोलवा.”

ऊन चांगलेच चढल्यावर उद्यान विभागाचे साहेब आले आणि बोलू लागले.

“आधी बूट काढा,” आत्याआजी म्हणाल्या.

साहेबांनी निमूट बूट काढले. एक पाऊल त्यांनी ओल्या मातीवर ठेवले, दुसरे उन्हात उलगडलेल्या प्लास्टिकवर. दुसरे तेथे फार वेळ राहिले नाही. पर्णने बसल्या जागेवरून नवा अहवाल वाचून दाखवला. साहेबांनी तो ऐकला, अनवाणीच, मातीवर उभे राहून. आणि मग गुंडाळ्या गाडीत परत चढवायला सांगितल्या.

“तलावाकाठच्या सिमेंटखाली माती असेल का?” पर्णने विचारले.

“असणारच,” ऋजुता म्हणाली. “जाऊन बघायचे.”

तेव्हा कुठे आत्याआजी खुर्चीतून उठल्या. सावकाश चालत त्या रांगेपाशी आल्या, पर्णच्या पाठीवर हात टेकवला आणि म्हणाल्या, “खो.”