एक्केचाळिसावी जागा

रविवारी चार ते सात आमच्या घरात कुणी नळ सोडायचा नाही, असा नियम होता. नळ सोडला की जुन्या पाइपांत घरघर सुरू व्हायची आणि रेडिओवरचा नंबर नेमका त्या घरघरीत जायचा. त्या वेळात आठवड्याचा तक्ता वाचला जाई. देशभरातल्या दुकानांत कुठलं गाणं किती खपलं, चाळिसाव्या जागेपासून पहिल्यापर्यंत. बटाटे आधीच धुऊन ठेवायचे, किटली आधीच भरून ठेवायची, आणि मग स्वयंपाकघरात बसून वाट बघायची.

आमच्या बँडचं नाव स्लॅक वॉटर. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी हंबर नदीचं पाणी जरा वेळ जागच्या जागी थांबतं, त्याला इंग्लंडमधल्या आमच्या हल शहरात तसं म्हणतात. माझा नवरा रसेल गिटार घेऊन गायचा, मी बास गिटार वाजवायचे, आणि ड्रमवर टर्नर. त्याला पहिलं नाव होतं की नाही कोण जाणे. आमची पहिली रेकॉर्ड त्रेसष्टाव्या जागेवर गेली. दुसरी बावन्नाव्या. मग अल्बम आला, संगीताच्या साप्ताहिकांनी भरभरून लिहिलं, तो सत्तेचाळिसावर गेला आणि पुढच्या आठवड्यात नाहीसा झाला. त्यानंतर लागोपाठ तीन गाणी एक्केचाळिसावर.

रेडिओ चाळीसच वाचतो. एक्केचाळीस म्हणजे दार किलकिलं आहे, आतल्यांचं हसणं ऐकू येतंय, आणि आपण पायपुसण्यावर उभे. गावाला हे फार आवडलं. चिप्सच्या दुकानातला माणूस मला बघून विचारायचा, "काय गं एक्केचाळीस, व्हिनेगर घालू का थोडं?" रसेलही हसायचा. घरी आल्यावर मात्र त्याच्या चिप्स तशाच गार होऊन जायच्या.

एफीच्या वेळी दिवस भरत आले तशी मी बास खाली ठेवली. ती जन्मली तेव्हा रसेलने खिशातून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि तिचं पहिलं रडणं टिपून घेतलं. सुईण म्हणाली, "अहो, पोरीला धरा आधी." त्याने धरलं, पण टेप चालूच ठेवली. ते रडणं मला पाठ होतं. एक लांब सूर, मग दोन छोटे, मधे एक उचकी, आणि शेवटी लोखंडी फाटक कुरकुरावं तसा आवाज. पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला, ड्रम सुरू व्हायच्या आधी, त्याने त्यातला तो पहिला लांब सूर तेवढा घातला. श्वासभराचाच. मला ते आवडलं होतं, हे खरं.

आता रेकॉर्डच्या शेवटाबद्दल सांगायला हवं. गाणं संपल्यावर, मधल्या कागदाच्या बाहेर, एक गुळगुळीत काळा पट्टा उरतो. मूळ तबकडी कोरणारा कारागीर त्या पट्ट्यावर सुईने दोन शब्द खरवडतो, बँडला हवे ते. आमच्याकडची ही जुनी गंमत. सगळे काहीतरी खोडसाळ लिहून घेतात. आम्ही एकदा 'पुन्हा एक्केचाळीस' लिहून घेतलं होतं, एकदा 'टर्नर, घरी जा'. या वेळी लंडनहून कारागिराचा फोन आला तेव्हा मी एफीला पाजत बसले होते. रसेल म्हणाला, "एका बाजूला लिहा, 'हवं ते घ्या'. दुसऱ्या बाजूला, 'पण चाळीसात न्या'."

टर्नर इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला.

रेकॉर्ड आली, आम्ही आमच्या जुन्या प्लेअरवर लावली. त्याचा सुईचा दांडा आपोआप उचलला जात नाही. गाणं संपलं की सुई त्या पट्ट्यात फिरत राहते, टिक, टिक, टिक, कुणीतरी जाऊन उचलेपर्यंत.

पहिल्या रविवारी निवेदक म्हणाला, "आणि चाळिसाव्या जागेवर, हलचा एक बँड..." त्यापुढचं आम्हाला ऐकूच आलं नाही. रसेल खुर्चीवर चढला, माझ्या आईने ॲप्रन तोंडाला लावला, टर्नर अंगणात जाऊन भिंतीला मिठी मारून आला. एफी त्या गलक्याने दचकून रडली. तिचा आवाज जरा बसलेला होता. थंडी पडली होती, म्हटलं सर्दी असेल.

पुढच्या रविवारी सव्वीस. तोवर एफीचं रडणं शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू यायला लागलं होतं. मी पाळण्यापाशी उभी असायचे आणि आवाज भिंतीपलीकडून यायचा. डॉक्टर फेनविक बाईंनी घशात उजेड टाकून पाहिलं, कान पाहिले, पोट दाबलं.

"घसा अगदी स्वच्छ आहे. वजन छान. तू झोपतेस का गं नीट?"

"मी झोपते. तिचा आवाज कमी होतोय."

"पहिलटकरणींना असं वाटतं," त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलल्या.

बारा. रसेल आणि टर्नर आता लंडनला, टीव्हीसाठी. त्या रविवारी मी आणि आईच घरी होतो. गाणं लागलं. एफीचा तो लांब सूर आला, ड्रम सुरू झाले, आणि सूर थांबला नाही. त्याच्यामागे दोन छोटे आले. मग उचकी. रसेलच्या आवाजाखाली, पहिल्या कडव्यात, माझी लेक रडत होती.

गाण्यात हे नव्हतं. मी उठून आमची रेकॉर्ड लावली. तिच्यावर फक्त श्वासभर सूर, नेहमीसारखा.

"आई, ऐकलंस ना?"

आई सोललेला बटाटा हातात धरून बसली होती. ती उगाच हो म्हणणारी बाई नाही. मासे कापण्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं तिचं. "ऐकलं," ती म्हणाली.

शेजारी, तिच्या निजायच्या टोपलीत, एफीचं तोंड उघडं होतं. गाल लाल, डोळ्यांतून पाणी, मुठी आवळलेल्या. मी कान तिच्या ओठांना लावला. वारा यावा तेवढं काहीतरी येत होतं.

मी लंडनला फोन केला. "रसेल, गाणं मागे घ्यायला सांग रेकॉर्ड कंपनीला."

"काय?"

"मागे घ्या. दुकानांतून काढा."

"लिन, आत्ता? अगं, लोक मला रस्त्यात ओळखतात. काल मला बघून एक पोरगी रडली." मग त्याचा आवाज मऊ झाला. "तू दमली आहेस, राणी. आईला म्हणावं रात्री राहा."

"तुझी मुलगी रडतेय आणि आवाज येत नाही. ये आणि बघ."

तो आला. गाणं तिसऱ्या जागेवर होतं तेव्हा आला, अंगात टीव्हीसाठी दिलेलं नवं जाकीट. एफी भुकेली होती. तो तिच्यावर वाकला आणि तिचं ते उघडं, मुकं तोंड बघत राहिला. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. मग त्याने रेकॉर्ड प्लेअरवरून उचलली, खिडकीशी तिरकी धरली आणि पट्ट्यावरचे शब्द वाचले. वाचून खाली ठेवली.  

त्याने कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस हसत होता, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. "थांबवू? अरे, कारखाना जादा पाळीत छापतोय. पुढच्या आठवड्यात पहिला नंबर आहे तुमचा. जा, आंघोळ कर, झोप."

रसेल फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला. "पहिल्यावर गेलं तर काय होईल?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण तिसऱ्या जागेवर जे वाऱ्याएवढं उरलं होतं, ते मी रोज कान लावून ऐकत होते. कमी होत होतं.

त्या शनिवारी आई सकाळीच बाहेर पडली. दुपारी आली ती आपली चाकांची पिशवी ओढत, मागे तिच्याबरोबर बिंगो खेळणाऱ्या मैत्रिणी, प्रत्येकीच्या हातात पिशवी. सगळ्या अंगणात गेल्या. मी खिडकीतून पाहिलं तर आई कोळसे फोडायचा हातोडा घेऊन खाली बसली होती, आणि काळे तुकडे उडत होते.

मी धावत गेले. "आई, काय हे?"

"शहरात एक ठेवली नाही," ती धापा टाकत म्हणाली. "बेव्हर्लीलासुद्धा जाऊन आलो बसने. बाहेरच्यांचं मला माहीत नाही, पण आपल्या गावात ते गाणं कुणी वाजवणार नाही."

"कुठून आणल्यास?"

"दुकानांतून. अजून कुठून?"

"विकत घेतल्यास?"

"मग काय चोरून आणू?" तिने हातोडा खाली ठेवला. माझा चेहरा बघितला. "लिन? काय झालं, पोरी?"

गल्ल्यावर जी रेकॉर्ड जाते, ती मोजली जाते. तक्ता म्हणजे तेवढंच. त्या घरात हे मला माहीत होतं, रसेलला माहीत होतं. आईला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. ती दर रविवारी नळ बंद ठेवून बसायची, आणि तिला वाटायचं, रेडिओवाल्यांना जी गाणी आवडतात ती ते वर चढवतात.

मी तिला सांगितलं नाही. हातोडा घेतला आणि तिच्याबरोबर उरलेल्या फोडल्या.

रविवार. नळ बंद. एफी माझ्या मांडीवर, रसेल भिंतीला टेकून.

दुसऱ्या नंबरचं गाणं दुसऱ्याच कुणाचं होतं. रसेलने डोळे मिटले.

निवेदक म्हणाला, "अगदी थोड्या प्रतींनी."

मग सूर आला. लांब, भरलेला, त्या दिवशी सुईणीच्या हातात आला होता तसाच. ड्रम आले नाहीत. गिटार आली नाही. नुसतं रडणं, स्वयंपाकघरभर. एक लांब, दोन छोटे, उचकी, फाटक. पुन्हा लांब.

मांडीवर एफीचं तोंड त्याबरोबर उघडत होतं, मिटत होतं.

मी कान लावला.

काही नव्हतं. वाराही नव्हता.

रसेलने रेडिओची वायर ओढून काढली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते नीट आठवत नाही. पण जे वर जातं ते खाली येतं, तक्त्याचा तो दुसरा नियम. मी त्याला धरून होते. चौथं, अकरावं, एकोणिसावं. रसेलने पुढचा दौरा रद्द केला, टर्नर त्याच्याशी बोलेनासा झाला. आम्ही एफीला आळीपाळीने जवळ घेऊन बसायचो, कारण ती रडतेय हे आता फक्त बघूनच कळत होतं. चौतीस. चाळीस. तरी तिच्या तोंडून काही नाही. मग एका रविवारी निवेदकाने आमचं नाव घेतलंच नाही. रसेलने दुसऱ्या दिवशी कंपनीला विचारलं. एक्केचाळीस.

तो फोन खाली ठेवतोय तोच वरून रडणं आलं.

मोठं. खणखणीत. आम्ही दोघं जिन्यावर एकमेकांना ढकलत वर गेलो. आई बाथरूममधून ओल्या हातांनी धावत आली. रसेलने एफीला छातीशी धरलं आणि तो तिच्यापेक्षा मोठ्याने रडला. त्या दिवशी दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या मी, रस्त्याला ऐकू जावं म्हणून.

याला आता बरेच दिवस झाले. रसेल बंदरात कामाला जातो, गिटार माळ्यावर आहे. एफी बाळसेदार आहे, बसायला लागली आहे. शेजारणी म्हणतात, काय दणदणीत आवाज आहे पोरीचा.

भूक लागली की ती रडते. एक लांब, दोन छोटे, उचकी, फाटक. परवा तिचं बोट दारात सापडलं, तेव्हाही एक लांब, दोन छोटे, उचकी, फाटक. झोप आली तरी तेच. भूक कुठली आणि दुखणं कुठलं ते मला ओळखता येत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी सगळं करून बघते. आधी दूध, मग लंगोट, मग बोटं एकेक.

रसेलला मी हे सांगितलेलं नाही. दुसरंही नाही. रडणं संपलं की ती शांत पडून माझ्याकडे बघते, तोंड थोडं उघडं, आणि आतून फार हळू येत राहतं, टिक, टिक, टिक.

उचलून घेतलं की थांबतं.