गजकर्णीवरची सावली

साल बुद्धवर्ष २५३९. थायलंडातल्या उबोनकडे थंडी नुकती पडू लागली होती. विहारामागच्या अरुंद बांधावर सोइफा गजकर्णीचा पाला खुडत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

“सावली उचला.”

“ती काय टोपली आहे, उचलायला?”

“रोपावर पडली की पाल्यातला गुण जातो, बाई.”

तो खाम्पान, गावच्या म्हाताऱ्या वैद्याचा नातू. ती हसली आणि पाला घेऊन विद्यापीठात गेली.

तिथं प्रयोगशाळेत, एका प्लास्टिकच्या पाटीतल्या इवल्या इवल्या खळग्यांत तिनं बुरशी वाढवली होती… दुधावरच्या सायीसारखी, पण चिवट, बुळबुळीत. तिच्यावर पाल्याचा अर्क ओतायचा, धुवायचं, मग जांभळा रंग घालायचा. साय टिकली तिथं रंग टिकतो, पाला लागू पडला तिथं धुऊन जातो. सगळे खळगे जांभळे निघाले. दुसऱ्यांदाही.

“पुन्हा असंच झालं तर विषय बंद,” तिच्या मार्गदर्शक प्रानीबाई म्हणाल्या. “शिष्यवृत्तीही बंद. मग जा घरी भात लावायला.”

ती परत बांधावर आली, खाम्पानला म्हणाली, “तुम्हीच खुडून द्या ना.”

“मग गुण माझ्या हाताचा. परीक्षा तुमची आहे.”

ऊन पाठीशी, पलीकडे तळं… कशीही उभी राहिली तरी सावली रोपावरच. तेव्हा तो तिच्या आणि रोपाच्या मध्ये गुडघे टेकून बसला.

“कुणावर तरी पडणारच ती. माझ्यावर पडू द्या.”

त्याच्या खांद्यावरून हात नेऊन तिनं पान खुडलं— आणि थबकली. तिची सावली त्याच्या पाठीवर होती. त्याची मात्र कुठंच नव्हती. त्याच्यापुढची पानं उन्हात लखलखत होती.

“तुमची… सावली?”

“सातव्या वर्षी आजोबांनी मागून घेतली. पाला खुडणाऱ्याला ती परवडत नाही.”

“थंडी नाही वाजत?”

“वाजायची,” तो न वळता म्हणाला. “आत्तापर्यंत.”

तिला पळावंसं वाटलं. पण टोपली भरली तरी ती तिथून हलली नाही.

तिसऱ्या पाटीत जांभळा ठिपकाही उरला नाही.

प्रानीबाईंनी वहीत कारण लिहिलं, ‘पाला सकाळचा, कोवळा’. निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे चिआंग माईला गेल्या. सोइफा त्यांच्या जागेवर आली, आणि खाम्पानच्या घरात. दोघं रस्त्यानं निघाली की बायका कुजबुजायच्या— माणसं दोन, सावली एक.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. सोइफा अजून सकाळी त्या बांधावर जाते, ऊन पाठीशी घेऊन पाला खुडते. तिची सावली रोपाच्या हातभर अलीकडेच थांबते, तो गुडघे टेकून बसायचा तिथं.