शेवटच्या गाडीचा आरसा

सायकल शर्यतीत सगळ्यात पुढे कोण, हे साऱ्या जगाला ठाऊक असतं. सगळ्यात मागे मी असतो. शेवटची गाडी माझी. घाटात दमून ज्याने पाय टेकले, त्याने हात वर करायचा. मी थांबायचं, शेजारच्या सीटवरच्या पंचबाईंनी उतरून त्याच्या पाठीवरच्या नंबराच्या चार पिना काढायच्या, की संपली त्याची शर्यत. मग तो मागच्या सीटवर ब्लँकेट पांघरून मुसमुसतो आणि मी त्याला बिस्किटं चारतो. बावीस वर्षांत एकालाही रस्त्यावर सोडून आलेलो नाही, याचा मला भारी अभिमान.

त्या दिवशी मात्र शेवटचा स्वार माझाच भाचा होता. नंबर एकशे चौसष्ट, घरात टिल्लू. संघाने त्याला बजावलं होतं, आजचे तीन घाट वेळेत पार कर, नाहीतर उद्या घरचा रस्ता धर. दोन घाट झाले होते. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, पण ते शेपूटच एकोणीस किलोमीटरचं होतं, आणि माथा तीन वीसच्या आत गाठायचा होता.

"भाचा जिद्दीचा आहे हं तुमचा," पंचबाई म्हणाल्या.

"आईवर गेलाय. आमची ताई भांडायला लागली की समोरचा दमतो, ती नाही."

"पण वेळ संपली की नंबर मी काढणार. आधीच सांगून ठेवते."

"काढा हो. पिना धरायला मीच येतो."

टिल्लू शंभरेक पावलं पुढे होता. मध्येच त्याने उजव्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या. ही खोड माझीच. लहानपणी तो माझ्या सायकलवरून पडला, हाच उजवा गुडघा फुटला, आणि मी "शाबास गुडघ्या!" म्हणत दोन थापा मारल्यावर रडं थांबलं. चंद्रकोरीसारखी खूण राहिली, आणि दमला की थापा मारायची सवय.

बाराव्या वळणावर मी सहज आरशात पाहिलं. आमच्या मागे एक सायकलवाला होता.

"बाई, मागे कोण आहे बघा."

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. "कोणी नाही. आपल्या मागे कोण असणार? चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

मीही वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. आरशात तो होता. मान खाली, खांदे डोलत होते. असेल कोणी हौशी, वळणाआड गेला असेल, असं मी म्हटलं आणि एक बिस्कीट खाल्लं.

पुढच्या वळणावर धुकं लागलं. पुढचा टिल्लू दिसेनासा झाला. आरशातला मात्र स्वच्छ दिसत होता, जणू त्याच्याकडे धुकंच नव्हतं. त्याने गुडघ्यावर दोन थापा मारल्या.

मला हसू आलं. म्हटलं, घाटात सगळ्यांचेच गुडघे रुसतात.

"तीन चौदा," पंचबाई म्हणाल्या.

आरशातल्याने सायकल थांबवली. पाय टेकले.

हात वर केला.

मी करकचून ब्रेक दाबला. गाडी मागे घेतली, वळणापर्यंत नेली, उतरून हाका मारल्या. कठड्याशी कोणी नव्हतं. खाली दरीत बघितलं, तिथेही नाही.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. एकशे चौसष्ट माथ्यावरून गेला. तीन सतरा.

"अहो, तीन मिनिटं शिल्लक!" पंचबाई नियमबियम विसरून टाळ्या वाजवत होत्या. मी रडत होतो आणि हसत होतो. आरशात आता नुसतं धुकं होतं.

माथ्यापलीकडच्या चौकीवर फाटक असतं. रात्री रस्त्यावर बर्फ धरतं, म्हणून आमची गाडी उतरली की ते लावतात.

"मागे कोणी राहिलं नाही ना?" चौकीदाराने विचारलं.

"मी असताना कोण राहतंय?" मी ऐटीत म्हणालो. त्याने कुलूप घातलं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत नुसती दंगल होती. संघातली पोरं गात होती, टिल्लू तिसरं ताट चाटूनपुसून साफ करत होता. फोनवर ताई ओरडत होती, "मामा पाठीशी होता म्हणून निभावलं!"

"मामा, शेवटी काय झालं कळलंच नाही," टिल्लू म्हणाला. "पाय आपोआप हलके झाले. जरा गुडघ्याला बर्फ लाव ना." आणि त्याने गुडघ्यावर दोन थापा मारल्या.

मी बर्फाची पिशवी घेऊन खाली बसलो, त्याचा पायजमा वर सारला. खूण होती. तीच, चंद्रकोरीसारखी.

डाव्या गुडघ्यावर.

मी उजवा गुडघाही उघडून पाहिला. तो अगदी गुळगुळीत होता.