हिरवी खूण

दादा म्हणतो, "हे कुठे लिहू नकोस. लोक वेड्यात काढतील."

म्हणूनच लिहितेय.

काढू देत वेड्यात. मी तिथे होते. दादा होता. तो डबा दुरुस्त करायला आलेला माणूसही होता, आणि तो आपली हत्यारं तिथेच टाकून पळाला. तिघांना एकाच वेळी भास झाला असं कुणाला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. सुरुवात एका सोमवारी झाली.

पण आधी त्या डब्याबद्दल सांगायला हवं.

आईने उभं आयुष्य एका हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं. दिवसभर परक्या माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचं. निवृत्त झाली आणि तिचाच फोन वाजेनासा झाला. मी त्याच शहरात राहते, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. एक दिवसाआड तिच्याकडे जायचे. पण मी म्हणजे घरकी मुर्गी. तिचे कान लागलेले असायचे दादाच्या फोनकडे. दादा परदेशात.

ब्लडप्रेशरच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. ती त्या विसरायची. कधीकधी मुद्दाम.

"कुणासाठी घेऊ गं?" म्हणायची.

तर दादाने तो डबा पाठवला. बोलका डबा. आठवड्याच्या गोळ्या मी त्यात भरून ठेवायचे. वेळ झाली की त्यातून दादाचा आवाज यायचा, त्याने रेकॉर्ड करून ठेवलेला. "आई, सकाळची गोळी." मग खालच्या वाटीत गोळ्या पडायच्या. आईने वाटी उचलली की डबा म्हणायचा, "शाब्बास आई!" आणि तिकडे दादाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटायची.

नाही उचलली, तर लाल.

खोटं कशाला बोलू, डब्याने काम केलं. आई एकही गोळी चुकवेना. वेळेआधी केस विंचरून टेबलाशी येऊन बसायची, जणू मुलगा दारात उभा आहे. वाटी उचलायची. शाब्बास ऐकायची. आणि विचारायची, "अरे, जेवलास का?"

डबा गप्प.

"लाइन कट झाली," म्हणून हसायची.

ते हसणं पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण डबा आल्यापासून दादाचा फोन बंद झाला होता. आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग नाहीच. मी भांडले.

"अगं छोटे, मला दिसतंय ना," तो म्हणाला. "सगळं हिरवं आहे. काळजी कसली?"

"तिला तुझा आवाज हवाय, दादा."

"रोज तीनदा ऐकते की!"

मी फोन आपटला.

मंगळवारी सकाळी मी एका शिकाऊ बाईला तिच्या घरी सोडून आईकडे गेले. बेल वाजवली. दार उघडेना. माझ्याकडच्या किल्लीने उघडलं.

आई पलंगावर होती. कुशीवर. हात गालाखाली.

मी हाक मारली. मग हात लावला...

ती थंडगार होती.

शेजारच्या फ्लॅटमध्ये शिवणकाम करणाऱ्या काकू धावत आल्या. त्यांनीच डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "झोपेतच गेल्यात. काल दुपारीच."

मी दादाला फोन लावला. कसंबसं सांगितलं.

तो चक्क समजुतीच्या सुरात म्हणाला, "छोटे, काहीतरी गोंधळ होतोय तुझा. आत्ता सकाळची गोळी घेतलीय तिने."

"दादा..."

"हिरवं आहे गं. काल संध्याकाळचंही हिरवं आहे. मी बघतोय ना!"

"मी तिच्या शेजारी उभी आहे, दादा!"

एवढ्या जोरात ओरडले, की डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं.

आणि मग माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं.

टेबलावर डबा. त्याच्या शेजारी पाण्याचा ग्लास, अर्धा प्यालेला. खुर्ची मागे सरकवलेली.

वाटी रिकामी.

मी डबा उघडून पाहिला. काल संध्याकाळच्या गोळ्या नव्हत्या. आज सकाळच्या नव्हत्या. टेबलाखाली नाहीत, कचऱ्यात नाहीत, आईच्या मुठीत नाहीत. कुठेच नाहीत.

काकू दारातच थिजल्या होत्या.

"काल संध्याकाळी मी ऐकलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या दादाचा आवाज. शाब्बास म्हणाला. आणि त्यावर तुझी आई..."

"आई काय?"

"ओरडत होती. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. 'इकडे ये' म्हणत होती. सारखी. 'इकडे ये.' मला वाटलं, तू आली असशील आणि तुमचं काही बिनसलं असेल."

मी सोमवारी गेलेच नव्हते.

दादा आला. अंत्यविधी आटोपले. मी राहिलेल्या गोळ्या काढून डबा रिकामा केला. पण तो आपल्या वेळेला बोलायचा थांबेना, आणि दादाच्या खिशातला फोन टुंग करून वाजायचा थांबेना. शेवटी दादाने कंपनीचा माणूस बोलावला.

त्याने डब्याला भिंग लावलं. "सेन्सरवर धूळ आहे, मॅडम. वाटी उचलली असं त्याला उगाच वाटतं."

"आणि गोळ्या? त्या काय धुळीने गिळल्या?"

तो ओशाळून हसला. प्लग काढला. मागचं झाकण उघडून बॅटरी काढली आणि टेबलावर ठेवली. "झालं. आता हा बोलणार नाही."

भर दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

तो थांबला.

मग सगळेच आवाज थांबले...

"आई, दुपारची गोळी."

दादाचाच आवाज. दादा माझ्या शेजारी उभा. त्याचे ओठ मिटलेले.

टेबलाजवळची खुर्ची मागे सरकली. हळूहळू. फरशीवर पाय घासत. कुणीही तिला हात लावला नव्हता.

वाटी हलली नाही. शपथेवर सांगते, वाटी जागची हलली नाही. पण दादाच्या खिशात फोन वाजला. टुंग.

त्याने काढून पाहिला. मला दाखवला.

हिरवी.

शाब्बास कुणीच म्हणालं नाही. त्या वेळी खोलीत फक्त श्वास ऐकू येत होता. रागाने फुललेला. जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. कंपनीचा माणूस तेवढ्यात हत्यारं टाकून दाराबाहेर पळाला होता. तो परत आलाच नाही.

माझी भीतीने दातखीळ बसायला हवी होती. पण मला राग आला. इतके दिवस कोंडलेला.

"घे!" मी दादावर ओरडले. "हिरवं हवं होतं ना तुला? घे आता! जन्मभर पुरेल!"

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला उठवलं नाही. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

दादा परत गेला. फ्लॅटला कुलूप लावलं. डबा आत टेबलावरच राहिला, त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. वीज बंद. बॅटरी वेगळी.

तरी दादाच्या फोनवर हिरवी खूण यायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्याने ते अ‍ॅप काढून टाकलं, फोन बदलला. उपयोग शून्य. वहिनी सांगते, तो आता धड जेवत नाही. मला रोज फोन करतो. रोज! आई होती तेव्हा महिनोन्‌महिने ज्याला फुरसत नव्हती, तो.

"आली गं," एवढंच म्हणतो. मी "बरं" म्हणते आणि ठेवते.

काकूंनी ती बिल्डिंग सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "भिंत पातळ आहे."

आज सकाळी दादाचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"छोटे, आज लाल आलीय."

मी नेहमीसारखा फोन ठेवला नाही.

"पहिल्यांदाच लाल आलीय गं. तिने आज घेतली नाही. कधी अशी चुकवत नाही ती." तो हुंदके देत होता. "तू जरा जाऊन बघ ना. बरी आहे ना ती, एवढंच बघ."

जाऊन बघ.

आई जिवंत होती तेव्हा हे दोन शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. एकदाही नाही.

सकाळचे दोन्ही क्लास रद्द केले. आता मी तिच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून हे लिहितेय. किल्ली मुठीत आहे. तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी इथून दिसते. मी ती स्वतः बंद करून गेले होते.

ती उघडी आहे.

वर जायला घाबरतेय का? हो. पण वरून कुणीतरी मघापासून 'इकडे ये' म्हणून हाक मारतंय. आणि तो आवाज चढत चाललाय.