धावतं तांबं

वीजतोफेतून शंभरावी कृत्रिम वीज कोसळली आणि प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या. दोन लाख अँपिअरचा फटका, पण विमानाच्या कवचासाठी बनवलेल्या कार्बनतंतूंच्या पत्र्यावर डाग म्हणून नव्हता. डॉ. रेवती केळुसकरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिची युक्ती साधी होती. कार्बनतंतू वीज नीट वाहून नेत नाहीत, जळून फुटतात. म्हणून वरच्या थरात तांब्याचे सूक्ष्म कण सोडायचे. वीज पडून तांबं उडालं, की शेजारचे कण धावत येऊन जखम भरतील.

वीजतोफेचा नेम बदलायला तीन तास लागत. कोण एवढा खटाटोप करणार? सगळे फटके पत्र्याच्या मधल्या फुलीवरच मारायचे, असा तिथे रिवाजच पडला होता. आज मात्र अभियंता खोतांनी पत्रा घाईघाईत वाकडा बसवला. एकशे एकावी वीज कडेला पडली.

पत्रा फुटला. एक तुकडा संरक्षक काच फोडून खोतांच्या खांद्यात घुसला. रेवतीने ओढणीने जखम दाबून धरली. रक्त थांबेना, आणि खोतांची नजर त्या काळ्या भोकावरून हटेना.

"मॅडम, नवं तांबं येणार कुठून? कडेचं मध्ये गेलं. याची टोपी त्याला."

रेवतीने विमानावरच्या विजा दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. तिची थोरली बहीण शलाका त्याच कवचाचं विमान घेऊन, पाच जणांसह, चाचणीसाठी वादळी ढगात शिरली होती. विमानाच्या नाकावर आतापर्यंत एकोणीस विजा पडल्या होत्या. रेवतीने धडपडत रेडिओ गाठला.

"ताई, लगेच खाली ये. नाकाने जवळचं तांबं ओढून घेतलंय. तुझ्या डोक्यावरचं छत उघडं पडलंय."

ताईने वाद घातला नाही. ढगाबाहेर पडायला चार मिनिटं लागतील, एवढंच म्हणाली. दुसऱ्याच मिनिटाला कडकडाट झाला, एक किंकाळी आली आणि मग नुसता वाऱ्याचा आक्रोश. हे आपणच केलं, रेवतीच्या मनात आलं.

थोड्या वेळाने ताईचा आवाज आला. छत फाटलं होतं. सहवैमानिक जागीच गेला होता, तिचा अर्धा चेहरा भाजला होता. पण विमान अजून तिच्या हातात होतं.

"भोक भरत चाललंय, रेवा. तुझं तांबं येतंय बघ, भरभरून."

विमानाच्या पुढच्या भागातलं तांबं तर कधीच संपलं होतं. उरलं होतं ते फक्त पंखांवर, इंधनाच्या टाक्यांवर.

रेवतीने तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एकविसावी वीज उमटली, डाव्या पंखावर. त्यानंतर पडद्यावर काहीच उमटलं नाही.