पेन्सिलीची तीन वेटोळी

मशीनजवळ कोणी घाई केली की माझं डोकं फिरतं. एरवी मी तशी शांत बाई आहे. दूध उतू गेलं तरी आधी गॅस बंद करते आणि मग चिडते. पण खाली कारखान्यात आले की माझी जीभ कोणाची भीडभाड ठेवत नाही, हे भावजी तुम्हाला शपथेवर सांगतील.

कारखाना म्हणजे आमच्या घराखालची एक लांबट खोली. माझे सासरे, मामंजी, सुतार होते. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला हाक मारतो. धाकटा, माझा दीर म्हणजे हे भावजी, वडिलांच्या हाताखाली आला. मी लग्न करून आले आणि महिन्याभरात रंधा हातात घेतला. सुरुवातीला मामंजी हसले, मग शिकवायला लागले.

त्यांनी शिकवलं त्यातलं निम्मं त्या जॉइंटरबद्दल होतं. टेबलावर ठेवायचं छोटं मशीन, लांबी जेमतेम माझ्या दोन हातांएवढी. दोन लोखंडी पाट, मध्ये फट, आणि त्या फटीत गरगरणाऱ्या रुळावर तीन पाती. फळी या पाटावरून त्या पाटावर सरकवायची. खालून कागदासारखा पातळ थर निघतो आणि वाकडी फळी सरळ होते. पात्यांवर स्प्रिंगचं झाकण आहे. फळी आली की ते बाजूला होतं, फळी गेली की टक करून जागेवर येतं. मामंजी म्हणायचे, करवत निदान डोळ्यांना दिसते, इथे दात फळीखाली लपलेले असतात. म्हणून हात पात्यांवरून न्यायचा नाही. फळी रबरी तळाच्या ठोकळ्यांनी दाबत ढकलायची. उभं राहायचं ते बाजूला. मशीन थांबलं की स्विचमधली किल्ली काढून खिशात टाकायची. आणि एक फुटापेक्षा आखूड तुकडा मशीनवर चढवायचाच नाही, कारण तो उलटला की त्याच्यामागून बोटं आत जातात.

फळी सपाट झाली का हे ओळखायची एक रीत आहे. रंधायच्या बाजूवर पेन्सिलीने वेड्यावाकड्या रेघा मारायच्या आणि फळी फिरवायची. पहिल्या फेरीत उंचवट्यांवरच्या रेघा जातात, खोलगट भागातल्या तशाच राहतात. सगळ्या गेल्या की फळी सपाट. आमच्याकडे प्रत्येकाची खूण वेगळी. मामंजी फुल्या मारायचे. भावजी नागमोडी रेघ ओढतात. माझा हात आपोआप तीन वेटोळी काढतो, एकात एक अडकलेली.

मामंजी गेले ते दहाही बोटं शाबूत ठेवून, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. रोज संध्याकाळी दिवा घालवण्याआधी आम्ही तिघं टेबलावर हात पालथे ठेवायचो आणि एकमेकांची बोटं मोजायचो. पोरखेळ वाटेल, पण एकदाही चुकवला नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला एकटीला बोलावलं.

"धाकट्याचं लक्ष ठिकाणावर नसतं," ते म्हणाले. "त्याची दहा बोटं तुझ्या हवाली करतोय."

मी हो म्हटलं. वर्ष झालं त्याला. भावजींनी जांभई दिली तरी मी मशीन बंद करते.

त्या सोमवारी आम्ही एका वाचनालयाच्या टेबलांचं काम हातात घेतलं होतं. दुपारी एक वाजता मी किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि वर जेवायला गेले. भावजी खालीच डबा खातात आणि फळ्यांच्या चळतीला टेकून वीस मिनिटं घोरतात. दोन वाजता खाली आले तर पलीकडच्या पाटावर सागाचा एक तुकडा पडला होता. बरोबर एक फूट. रंधून आरशासारखी झालेली बाजू वर करून ठेवलेली. भावजींनी काहीतरी मापाला काढला असेल म्हणून मी तो तुकड्यांच्या पेटीत टाकला.

मंगळवारी दहा इंचाचा तुकडा होता.

"भावजी, हे काय?"

"काय?"

"दहा इंच आहे हा. मशीनवर चढवलात?"

"मी नाही, वहिनी. मी झोपलो होतो."

"किल्ली माझ्या खिशात. मग स्विचमध्ये काय घातलंत? पट्टी?"

त्यांनी मान हलवली. भावजी खोटं बोलतात तेव्हा कान चोळतात. त्यांनी कान चोळला नाही, पण मला ते पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्यांदा मशीनला किल्लीशिवाय हात लावलात तर तुमच्या दादाला सांगेन, असा दम भरून मी कामाला लागले. दिवसभर एक डोळा त्यांच्या हातांवर होता. संध्याकाळी बोटं मोजली. दहा.

बुधवारी मी मुद्दाम दहा मिनिटं आधी उतरले, चपला हातात घेऊन. भावजी चळतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं. मशीन बंद. पाटावर आठ इंचाचा तुकडा. ढकलायचे ठोकळे भिंतीवर आपापल्या खिळ्याला लटकलेले, आणि सकाळी मीच त्यांच्यावर टाकलेलं फडकं तसंच होतं. म्हणजे ज्याने कोणी हा आखूड तुकडा पात्यांवरून नेला होता, त्याने तो नुसत्या बोटांनी नेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना हलवून उठवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. मामंजींना काय तोंड दाखवू, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, पेटीतून आधीचे दोन तुकडे काढले आणि तिसऱ्याशेजारी मांडले.

"उलटे करून बघा," ते म्हणाले.

मी उलटे केले. तिन्हींच्या खालच्या बाजूवर, अजून न रंधलेल्या, पेन्सिलीची तीन वेटोळी होती. एकात एक अडकलेली.

"सोमवारीच पाहिलं मी," भावजी म्हणाले. "वाटलं, तुम्हीच करताय. बाबा गेल्यापासून तुम्ही नीट झोपत नाही, दादा सांगत होता. मी आज त्याच्याशी बोलणार होतो."

"मी वर जेवत होते."

"एकट्याच ना?"

मी एकटीच होते. नवरा शाळेत असतो. मला पहिल्यांदा राग आला, मग भीती वाटली. माझी वेटोळी मी ओळखते. तिसरं किंचित मोठं येतं, आणि रेघ डावीकडे सुटते. ती डावीकडे सुटली होती. कोणी नक्कल केली म्हणावं, तर इतकी हुबेहूब मला स्वतःलासुद्धा जमली नसती. मी भावजींकडे पाहिलं. ते माझ्या कानावर खोचलेल्या पेन्सिलीकडे पाहत होते.

त्या दिवशी आम्ही काम केलं, पण एकमेकांना पाठ न दाखवता. फळीचं दुसरं टोक धरायला सांगायचं तरी घसा खाकरावा लागत होता. बारा, दहा, आठ. हिशेब सरळ होता आणि तो कुठे चालला आहे हे दोघांनाही कळत होतं. हे तुकडे सागाच्या कोणत्या फळीतून निघाले, हे मात्र आम्हाला सापडलं नाही. चळतीतली एकही फळी कमी नव्हती.

गुरुवारी आम्ही दोघं मशीनसमोरच जेवायला बसलो, तीन पावलांवर. किल्ली दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवली. भावजी म्हणाले, "तुमचे हात दिसतील असे ठेवा." मी म्हटलं, "तुमचेपण." मग दोघांना हसू आलं, आणि ते लगेच विरलं. घास तोंडात फिरत होता. दीड वाजला. पावणेदोन वाजले. मी डब्याचं झाकण लावायला खाली वाकले. भावजींनी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

टक.

मोटरचा आवाज नाही. लाकूड कापल्याचा आवाज नाही. फक्त झाकण जागेवर आल्याचा.

पलीकडच्या पाटावर सहा इंचाचा तुकडा होता. किल्ली स्टुलावर होती. मी तुकड्याला बोट लावलं. नुकत्याच रंधलेल्या लाकडासारखा तो कोमट होता. भावजींनी तो उलटा केला, पाहिला आणि माझ्यापुढे धरला. तीन वेटोळी.

"तुमचे हात माझ्या समोर होते," ते हळूच म्हणाले. "झाकण धरलेले."

त्यांना वाटत होतं, मला त्याने धीर येईल.

शुक्रवारी सकाळी मी मशीनची वायर भिंतीतून उपटली. पट्टा काढला. रुळावरचे स्क्रू एकेक सैल करून तिन्ही पाती काढली, जाड कापडात गुंडाळली आणि वरच्या कपाटात कुलूपबंद केली. आता ते मशीन म्हणजे दोन लोखंडी पाट आणि एक गुळगुळीत रूळ होता. त्यावर लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं.

"आज चार इंचाची पाळी," भावजी म्हणाले.

"बघू कशाने कापतात ते."

दुपारी पुन्हा तिथेच बसलो. भावजी तीन रात्री धड झोपले नव्हते. जेवण होताच त्यांचं डोकं डाव्या दंडावर टेकलं. उजवा हात बाकावरून खाली लोंबत होता. मी त्यांना उठवलं नाही. मी जागी होते, आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते. हे मी कोणालाही सांगेन. मी मशीनवरची नजर हलवली नाही. फक्त एकदा, चेहऱ्यावरची माशी हाकलताना, पापण्या मिटल्या.

टक.

मी उठून गेले. दोन्ही पाट रिकामे होते. पाटाखाली, पेटीत, जमिनीवर, सगळीकडे पाहिलं. तुकडा नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसले. रडलेसुद्धा थोडी. पाती नाहीत तर कापणार काय, जिंकले मी, असं स्वतःशी म्हणत होते.

भावजींना उठवून सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून पाटाखाली स्वतः पाहिलं. "सुटलो म्हणायचं," ते म्हणाले. त्यांनी माझी माफी मागितली, मी त्यांची. मग पूर्वीसारखं एकमेकांना टोमणे मारत आम्ही सहापर्यंत हातानेच रंधा मारला.

दिवा घालवण्याआधी त्यांनी टेबलावर हात पालथे ठेवले. मी मोजली. दहा. इतक्या खुशीत मी वर्षभरात कधी मोजली नव्हती.

"पूर्ण आहेत, भावजी. जा आता."

ते हसले आणि रंध्याचा भुसा झाडायला उजवा हात एप्रनवर फिरवला. फिरवता फिरवता थांबले.

"वहिनी, हाताला काही लागतच नाहीये," ते म्हणाले. "कापड कळत नाहीये."

"मुंग्या आल्या असतील. इकडे आणा."

त्यांनी हात उताणा करून दिव्याखाली धरला. रक्त नव्हतं. ओरखडासुद्धा नव्हता. तळहात भलताच गुळगुळीत होता, आणि त्यावर पेन्सिलीची तीन वेटोळी होती. तिसरं किंचित मोठं.

मी अंगठ्याने ती पुसायला गेले. पुसली जाईनात.

मधल्या खळग्यात रेघ ठळक होती. बोटांच्या मुळाशी आणि अंगठ्याखाली, जिथे जिथे तळहाताला उंचवटा असतो, तिथली तेवढी गेली होती.