राखाडी सफारीतला नवरामुलगा

"साँस अंदर लीजिए," सुखदा म्हणाली.

समोरच्या दाढीवाल्याने इमानेइतबारे श्वास आत घेतला. मास्क गालांना घट्ट चिकटायला हवा होता. तो दाढीवर नुसता टेकून राहिला आणि बाजूने फुस्स करून हवा आत शिरली. खरा विषारी वायू असता तर हा गृहस्थ एव्हाना आडवा झाला असता.

"दाढी निकालनी पड़ेगी," यादीत त्याच्या नावापुढे फुली मारत ती म्हणाली. नाव होतं मोहन, एक्स-रे विभाग.

मास्कच्या आतून दबका आवाज आला, "झाली का पंचाईत!"

सुखदाच्या हातातली यादी खालीच पडली. सौदीतल्या खमीस मुशैतच्या या हॉस्पिटलमध्ये फिलिपिन्सपासून आयर्लंडपर्यंतच्या नर्सेस होत्या, पण मराठी बोलणारी माणसं दोनच. एक ती स्वतः, दुसरी तिची खोलीतली सोबतीण बिलकिस. तिसऱ्या माणसाचा हा शब्द असा अचानक, तोही रबरी मास्कमधून कानावर यावा...

"तुम्ही मराठी?"

त्याने मास्क काढला. तिच्याकडे पाहिलं. आणि का कोण जाणे, तो तिच्याहून जास्त दचकला.

"तुम्ही..." तो म्हणाला, मग घाईघाईने, "मी हाइलच्या हॉस्पिटलातून आलोय. कालच बदली झाली."

"आडनाव काय? गाव कुठलं?"

"इथे आडनावाला कोण विचारतं, सिस्टर!" असं म्हणून तो जो निघाला तो मागे वळूनही न बघता. मराठी माणूस मराठी माणसाला आडनाव सांगत नाही म्हणजे काय! सुखदा बघतच राहिली.

तो १९९० चा डिसेंबर होता. इराकने कुवेत गिळल्याला चार महिने झाले होते, नि पंधरा जानेवारीपर्यंत बाहेर पडा, असा दम जगाने दिला होता. ज्यांची बायकामुलं इथे होती त्यांनी ती केव्हाच मुंबईच्या विमानात बसवून दिली होती. उरलेल्यांच्या रजा रद्द. नाताळ नाही, नवं वर्ष नाही, आणि सुखदाने वर्षभर जपून ठेवलेली संक्रांतीची सुटीही नाही. डोंगरात धुकं उतरायचं, भुरभुर पाऊस पडायचा, आणि पलीकडच्या तळावरून विमानं उडाली की काचेवर लावलेल्या चिकटपट्ट्या थरथरायच्या.

अशा दिवसांत चहाची सुटी तेवढी गोड. कँटीनमध्ये पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मधे प्लायवूडची आडभिंत. सुखदा भिंतीला पाठ टेकून बसायची. हळूहळू पलीकडच्या बाजूलाही एक पाठ टेकू लागली.

"दाढी काढलीत का?" भिंतीकडे न बघता ती विचारायची.

"थंडी फार आहे हो इथे."

"हाइलला तर याहून जास्त असते म्हणे!"

"म्हणून तर वाढवली."

दुसऱ्या दिवशी ब्लेड संपलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी आरसा फुटलेला. चौथ्या दिवशी तिने बिलकिसच्या हाती ब्लेडचं आख्खं पाकीट पाठवलं, तर उलट चिठ्ठी आली, 'ब्लेड छान आहेत. पेन्सिलीला सुरेख टोक निघतं.'

"हसतंस काय गो?" बिलकिस म्हणाली. ती दापोलीकडची, वयाने नि अनुभवाने मोठी. "तो मानूस तुला बघतो नि लगेच छताकडं बघतो. कायतरी लपवतोय तो. बायको असंल गावाला!"

तो शब्द सुखदाच्या काळजात रुतला. त्या दिवशी चहा कडू लागला. मग तिने मनाचा हिय्या केला आणि भिंतीला विचारलं, "तुमच्या... मिसेस काळजी करत असतील ना?"

पलीकडे कपात चमचा फिरला.

"एकीला विचारलं होतं," तो म्हणाला. "नाही म्हणाली. मग निघून आलो इकडे."

"वेडीच असेल!" सुखदाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. पलीकडे कोणीतरी चहा पिताना ठसकल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी गाद्यांवर चादरी घालता घालता तिला लख्ख कळलं. आपल्याला काळजी आहे ती मास्कची नाही, यादीतल्या फुलीची नाही. त्या दाढीमागच्या माणसाची आहे. तिला एवढा धक्का बसला की तिने एकाच गादीवर तीन चादरी घातल्या.

संक्रांतीच्या दिवशी तिने बाजारातले जिझानहून आलेले तीळ आणि भारतीय दुकानातला गूळ आणून वड्या केल्या. आठ वड्या कागदात बांधून ती कँटीनमध्ये गेली, तर सूचनाफलकापाशी गर्दी. उत्तरेला, सीमेजवळच्या हॉस्पिटलात जाणाऱ्यांची यादी लागली होती. उद्या सकाळी दहाची बस. यादीत दुसरं नाव होतं, मोहन, एक्स-रे विभाग.

ती तडक आडभिंतीपाशी आली. तिने पुडी वरून पलीकडे धरली. पलीकडून एका हाताने ती घेतली, अगदी अलगद, बोटाला बोट न लागू देता.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली. "आणि आता तरी दाढी काढा! उद्या तिथे काही झालं तर... तो मास्क काय शोभेचा आहे का? कशापायी जीव धोक्यात घालताय?"

"सुखदा," तो म्हणाला. सिस्टर नाही, नुसतं सुखदा. "एक विचारू? तुम्ही लग्न का नाही केलंत?"

खरं तर तिने चिडायला हवं होतं. पण उद्या दहा वाजता बस सुटणार होती.

"एकदा बघायला आले होते," ती म्हणाली. "मिरजेला, आमच्या घरी. पाच वर्षं झाली. नाना म्हणजे आमचे दूरचे काका, त्यांनी आणलेलं स्थळ. मी पोहे घेऊन गेले. घाबरून दोनदा मीठ पडलं होतं त्यात. मान वर करायची सोय नव्हती, पण समोर मुलगा बसला होता ना, तो काय बोलायचा! पगार किती, लग्नानंतर नोकरी सोडणार ना, दोन पावलं चालून दाखवा... मी आत जाऊन आईला सांगितलं, हा मुलगा नको. जन्मभर बिनलग्नाची राहीन."

तिने हातातला कप टेबलावर ठेवला.

"आणि गंमत सांगू? त्याच्याबरोबर एक मित्र होता, कोपऱ्यात बसलेला. सगळ्यांनी पोहे तसेच ठेवले. त्याने बिचाऱ्याने बशी पुसून खाल्ली, वर म्हणाला, थोडे अजून मिळतील का? मला बरं वाटावं म्हणून. मला वाटलं होतं, याच्याऐवजी तो मुलगा असता तर..."

"त्या मुलाने..." पलीकडून प्रश्न आला, "कपडे कुठले घातले होते?"

"राखाडी सफारी. का?"

खळ्ळकन् कप फुटला. खुर्ची मागे सरकली. धाडधाड पावलं वाजली, दार आपटलं. सुखदाने उठून भिंतीच्या टोकावरून पलीकडे डोकावलं, अगदी सगळे नियम मोडून. टेबलावर चहाचं तळं होतं आणि तो माणूस गायब होता. तिळगुळाची पुडी मात्र घेऊन गेला होता.

असं काय बोलले मी? ती थिजून उभी राहिली. आपण मूर्खासारखं दुसऱ्याच पुरुषाचं कौतुक केलं, त्याला लागलं असणार. उद्या तो जाणार, नि शेवटचं बोलणं हे!

दुसऱ्या दिवशी जाणाऱ्यांचे मास्क तपासायला तीच होती. दाराबाहेर बस घरघरत होती, भुरभुर पाऊस सुरू होता. पहिला माणूस झाला. "पुढचा," ती यादीवरून नजर न काढता म्हणाली.

पुढचा येऊन समोर उभा राहिला. सुखदाने मान वर केली.

गुळगुळीत दाढी केलेला चेहरा. घाईत कापून घेतलेले दोन ठिकाणचे ओरखडे. आणि हनुवटीवर एक जुना, आडवा व्रण...

हा व्रण तिने पाहिला होता. पोह्यांच्या बशीवर वाकलेला.

"तुम्ही..." ती कशीबशी म्हणाली. "पोहे... तुम्ही त्या मुलाचे मित्र!"

"मित्र नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे हसत होते. "राखाडी सफारीतले माझे भावोजी, बाळकृष्णराव. ते अजूनही सगळ्यांना पगार विचारतात. मुलगा मी होतो, सुखदा."

"पण त्या मुलाचं नाव तर उदय..."

"मीच उदय. मोहन वडिलांचं नाव. इथल्या कारकुनाने तीन नावांतलं मधलं उचललं, तेच चिकटलं. तुम्हाला पाहिलं आणि म्हटलं, बरंच झालं. नाव कळलं, चेहरा दिसला, तर तुम्ही पुन्हा नाही म्हणाल... एकदा ऐकलेलं पुरे होतं हो मला."

सुखदाला हसावं की रडावं कळेना. पाच वर्षं! मान खाली घालायच्या त्या मेल्या रिवाजापायी पाच वर्षं!

"यल्ला, यल्ला!" बसचा ड्रायव्हर घाई करत ओरडला.

तिने मास्क त्याच्या तोंडावर चढवला, पट्टे ओढले, हवा गाळणाऱ्या पुढच्या डब्यावर तळवा दाबून धरला. "श्वास आत घ्या," ती म्हणाली, या वेळी मराठीत.

त्याने घेतला. मास्क गच्च बसला. चारी बाजूंनी, कुठे फट म्हणून नाही. काचेआड त्याचे डोळे तिच्यावर खिळले होते आणि त्यांत पाच वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता.

तिने यादीतली फुली खोडली, बरोबरची खूण केली. मग सरळ मान वर करून, चार लोकांदेखत त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पसंत आहे."

बस धुक्यात दिसेनाशी झाली तेव्हा ती पावसातच उभी होती. रडत होती की काय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. बिलकिसने तिला हाताला धरून आत नेलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगो बये, मग आता उभी काय? घरी फोन लाव!"

लाइन मिळायला दुपार झाली.

"सुखदे! बरी आहेस ना गं?" आई पलीकडून ओरडली. "इकडे रेडिओवर काय काय सांगतायत!"

"बरी आहे. आई, नानांना निरोप दे. पाच वर्षांपूर्वी मी जो नकार कळवला होता तो परत घेतलाय म्हणावं."

"काय? कुठला नकार?"

"तो कोपऱ्यात बसलेला मुलगा आठवतो? ज्याने पोहे पुन्हा मागून घेतले?"

"न आठवायला काय झालं! तोच तर मुलगा होता. किती गुणी! मी म्हणत होते तेव्हा तुझं एकच, नको नि नको. का गं नाही म्हणालीस त्याला?"

सुखदाने डोळे मिटले.

"त्याला नाहीच म्हणाले मी, आई," ती म्हणाली. "मी त्या राखाडी सफारीवाल्या बाळकृष्णरावांना नाही म्हणाले. त्याने मला आज पहिल्यांदाच विचारलं... आणि मी हो म्हणाले."